आपण निघून गेल्यावर चित्रासोबत कोण राहणार? ग्राफिटीवालीच्या प्रश्नाला एका भिंतवाल्याचं उत्तर

प्रश्न कळव्याच्या एका मुलीचा आहे. ती कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती विचारते: "दादा, सोसायटीच्या दोन भिंती, एका कॅफेची आतली भिंत आणि अक्षरांनी भरलेली ब्लॅकबुकं (सरावाच्या वह्या) एवढंच माझ्याकडे आहे. नाव झालेल्या ग्राफिटी आर्टिस्टांच्या पोर्टफोलिओत प्रदर्शनं, लाइव्ह पेंटिंग आणि कम्युनिटी प्रोजेक्ट असे तीन कप्पे असतात. हे तिन्ही मी कसे भरू? सुरुवात कुठून करू?"

दादा म्हणालीस म्हणून अरेतुरे करतो.

कप्पे भरायच्या हिशेबाने निघालीस तर एकच काम तीन ठिकाणी करत राहशील आणि तिन्हीकडे ते उपरं दिसेल. मी कुठलंही काम घेण्याआधी स्वतःला एवढंच विचारतो, की सामान आवरून मी निघून गेल्यावर या चित्रासोबत कोण राहणार आहे? गॅलरीतल्या कॅनव्हाससोबत तो विकत घेणारा राहतो, आणि त्याने तो स्वतः निवडलेला असतो. लाइव्ह पेंटिंगसोबत बहुधा कोणीच राहत नाही. लोक संध्याकाळची करमणूक आणि फोनमधली रील घेऊन घरी जातात, बोर्ड आयोजकाच्या गोदामात जातो. वस्तीतल्या भिंतीसमोरून मात्र तिथली माणसं वर्षानुवर्षं दूध आणायला जाणार असतात, चित्र आवडो की न आवडो. रंग कुठला, परवानगी कोणाची, पैसे किती, विषय कोण ठरवणार, हे सगळं या एका उत्तरातून निघतं.

सुरुवात वस्तीपासून कर. तिन्हींत ते सगळ्यांत अवघड आहे, पण दारातून बाहेर पडल्याबरोबर हाताशी असलेलंही तेच आहे.

ठाण्यात आणि नवी मुंबईत रंगवलेल्या भिंतींची टंचाई नाही. स्वच्छ सर्वेक्षणाची चढाओढ सुरू झाल्यापासून उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या कुंपणभिंती, नाल्यांचे कठडे, काही म्हणून सुटलेलं नाही. विषयही ठरून गेलेत. ठाण्यात १६ एप्रिल १८५३ची बोरीबंदरहून आलेली पहिली गाडी, तलाव आणि गडकरी रंगायतन. नवी मुंबईत फ्लेमिंगो. दोन्हीकडे सामाईक म्हणजे वारली. विषयांबद्दल माझी तक्रार नाही, ते आपलेच आहेत. पण ठेकेदाराने चौरस फुटाच्या दराने उरकलेली भिंत आणि कोणीतरी विचार करून काढलेली भिंत यांतला फरक तिथे राहणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतो.

वारलीचंच घे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला. तोवर वारली चित्रांचा मुलूख आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी सवाशिणींनी काढायचा तो चौक, म्हणजे लग्नाचं चौकटीतलं चित्र. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा कागदावर आणली, त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि आपण पुलाखाली काय करतो? स्टेन्सिल लावून तारपा वाजवणाऱ्या माणसाचे शंभर ठसे उमटवतो. एखाद्या शाळेने वारलीच हवी असा आग्रह धरला तर जव्हार-डहाणूकडच्या वारली कलाकाराला बोलाव, भिंत त्याला दे, मानधन त्याला दे. तू भिंत खरवडून प्रायमर मारून दे आणि बाजूला उभी राहून बघ. त्या आठवड्यात रेषेबद्दल जे शिकशील ते कॉलेजात कोणी शिकवलं नसेल.

फ्लेमिंगोची गंमत वेगळीच आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली खाडीला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, त्यामुळे मागणी कायम. पण भिंतींवरचे अर्धे पक्षी आपल्या खाडीतले नसतातच. इंटरनेटवरचा फोटो बघून काढलेला तो भडक केशरी-लाल पक्षी अमेरिकेकडचा. आपल्याकडे येतात ते दोन. लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), त्याची चोच गडद. मोठा रोहित, अंगाने फिकट, गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं. दिवाळे गावातल्या किंवा वाशीगावातल्या कोळ्याला हा फरक सांगावा लागत नाही, आणि त्याच्याच गावच्या भिंतीवर चुकीचा पक्षी काढलास तर तो तोंडावर हसेल. दुसरी अडचण रंगाची. बाजारातले झगझगीत गुलाबी आणि फ्लुरोसंट रंग उन्हात सगळ्यांत आधी उडतात. एका उन्हाळ्यात फ्लेमिंगोचा बगळा होतो. गेरू, पिवळी माती असे ऑक्साइडचे रंग टिकतात, निळा-हिरवाही बऱ्यापैकी टिकतो. म्हणून पक्ष्याचं अंग गेरूच्या फिकट छटेत बांधायचं आणि गुलाबीचा चांगल्या कंपनीचा, बाहेरच्या भिंतीसाठीचा स्टेनर (रंगात मिसळायची छटा) वरच्या हाताला थोडाच वापरायचा. पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतीवर गुलाबी शक्यतो टाळच.

भिंत मिळाली की पहिली फेरी रंगाशिवाय मार. सकाळी जा, दुपारी जा, अंधार पडल्यावर जा. भिंतीला टेकून कोण बसतं? रिक्षा कुठे लागतात? भाजीवाली पाटी कुठे ठेवते? गणपतीचा मांडव कुठे पडतो? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दरवर्षी निदान दोन आठवडे मांडवाचे बांबू तुझ्या चित्राला टेकणार, खिळे ठोकले जाणार, दोऱ्या बांधल्या जाणार. मंडळाच्या पोरांना आधी भेटलीस तर मांडवाची जागा सोडून चित्राची रचना करता येते, आणि रात्री सामानावर लक्ष ठेवायला तीच पोरं उभी राहतात. भेटली नाहीस तर त्याच भिंतीवर कोणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागेल, अगदी मधोमध. त्यात कोणाचा दुष्टावाही नसतो. जागा रिकामी दिसली, लावला.

खालचे तीन फूट ही वेगळीच भिंत समज. तिथे गुटख्याची पिंक, स्कूटरचे हँडल, पोरांचा चेंडू आणि पावसात उडणारा चिखल. लोक यावर देवांच्या टाइल्स लावतात. मला तो उपाय कधीच पटला नाही, देवाला पहारेकरी करणं बरं दिसत नाही. गडद तपकिरी किंवा गेरू रंगाचा पट्टा, तोही ऑइल पेंटचा, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येतो. चेहरे, डोळे, हात, अक्षरं सगळी त्या पट्ट्याच्या वर.

विषय ठरवताना लोकांना "काय काढू?" असं मोकळं विचारू नकोस. उत्तर येईल शिवाजी महाराज, झाडं लावा झाडं जगवा, किंवा "तुम्हीच बघा". त्यापेक्षा "या जागी आधी काय होतं?" असं विचार. मग विहीर निघते, गिरणी निघते, मिठागर निघतं, बुजवलेलं तळं निघतं, बंद पडलेल्या कंपनीचा भोंगा निघतो. खारेगावात, चेंदणी कोळीवाड्यात, तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या वस्त्यांत, प्रत्येक ठिकाणी अशी एक तरी गोष्ट सापडते जी कुठल्याच सरकारी भिंतीवर आलेली नाही. मग भिंतीच्या फोटोवर बसवलेलं स्केच घेऊन परत जा आणि "नको" म्हणायची संधी दे. ही भेट बायकांना मोकळीक असते त्या वेळी ठेव. संध्याकाळी सातला बोलावलंस तर फक्त कमिटी येते, आणि कमिटी म्हणजे वस्ती नव्हे.

फिलाडेल्फियात १९८४ साली तिथल्या महापौरांनी ग्राफिटीविरोधी मोहीम काढली आणि जेन गोल्डन या चित्रकर्तीने भिंती खराब करणाऱ्या पोरांनाच भित्तिचित्रांच्या कामाला लावलं. आज त्या शहराची भित्तिचित्रं बघायला लोक मुद्दाम जातात. त्यांची एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. चित्राचे तुकडे पातळ कापडावर आखून घेतात, शाळेत, तुरुंगात, वृद्धाश्रमात टेबलाशी बसून लोक ते रंगवतात, आणि मग ते कापड भिंतीला चिकटवतात. परांचीवर चढू न शकणाऱ्या आजीचा हात त्यामुळे पाचव्या मजल्यावर पोचतो. आपल्या पावसात चिकटवलेल्या कापडावर माझा भरवसा नाही. मी बाहेरच्या कामासाठी चालणाऱ्या शीटचे तुकडे करतो, लोकांकडून रंगवून घेतो आणि स्क्रूने बसवतो. एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच उतरवून नवा करता येतो.

मुलांच्या हाती स्प्रे कॅन द्यायचा नाही. फोटो छान येतो, पण त्यातला सॉल्व्हंट मुलांच्या छातीत जातो. त्यांना पाण्यातलं इमल्शन, दोन इंची ब्रश आणि आखून दिलेला मोठा आकार दे. तासाभराने त्यांचा उत्साह संपतो, तेव्हा खाऊ देऊन घरी पाठव. आणि त्यांनी रंगवलेलं रात्री गुपचूप "सुधारू" नकोस. मुलं दुसऱ्या दिवशी आपला चौकोन शोधत येतात.

आता परवानगी. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रुपीकरणाविरुद्ध १९९५चा कायदा आहे आणि तो चांगलं चित्र, वाईट चित्र असा भेद करत नाही. लेखी परवानगी आहे की नाही, हा प्रश्न. ग्राफिटीचा जन्म परवानगीशिवाय झाला हे मला माहीत आहे. न्यूयॉर्कमध्ये टाकी १८३ या सहीने एक कुरियर पोऱ्या शहरभर नाव लिहीत फिरला, १९७१मध्ये त्याची बातमी छापून आली आणि पोरांची लाट उसळली. रात्री बाहेर पडणाऱ्यांना मी उपदेश करत नाही. पण वस्तीसाठी काम करतेस तेव्हा पोलीस आले तर तुझ्यासोबत वस्तीलाही त्रास होतो. सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव घे, सेक्रेटरीचा तोंडी होकार पुरत नाही. सार्वजनिक भिंत असेल तर ती कोणाची ते आधी शोध. पूल आणि रस्ते यांत महापालिका, सिडको, सार्वजनिक बांधकाम खातं, एमएसआरडीसी, एमएमआरडीए, रेल्वे यांपैकी कोणीही मालक निघू शकतो, आणि ज्याची भिंत नाही तो खुशाल परवानगी देऊन मोकळा होतो. पत्राची लॅमिनेट केलेली प्रत परांचीला बांधून ठेव, जवळच्या चौकीत एक प्रत दे. हयात पुढाऱ्यांचे चेहरे काढू नकोस. आचारसंहिता लागली की भिंतीवर पांढरा फिरतो आणि तुझं बाकीचं चित्रही त्याखाली जातं. प्रायोजकाच्या लोगोचं माप कामाआधी कागदावर इंचात लिहून घे, नाहीतर शेवटच्या दिवशी तो लोगो वाढत जातो.

भिंतीच्या तयारीबद्दल थोडं, कारण इथेच बहुतेक कामं मरतात. नवा गिलावा किमान चार आठवडे वाळू दे, तोवर त्यातला चुना रंग खातो. जुन्या भिंतीवर हाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेव. आतून घाम धरला तर भिंतीत ओल आहे आणि कुठलाही महागडा रंग तिथे पापुद्रे धरणार. ऐरोली, वाशी, कोपरी अशा खाडीलगतच्या भिंतींवर पांढरी मिठासारखी पूड फुटते. ती कोरड्या ब्रशने झाडायची, पाण्याने धुतलीस तर मीठ परत आत जातं. जुना चुना पत्रीने खरवडून काढल्याशिवाय प्रायमर मारू नकोस. मोठा पसारा रोलरने आणि इमल्शनने भर, स्प्रे फक्त कडा, सावल्या आणि अक्षरांसाठी ठेव. ४०० मिलीच्या कॅनमध्ये साधारण दीड-दोन चौरस मीटर भरतात, तर एक लिटर इमल्शन दोन हातांत पन्नास-साठ चौरस फूट जातं. हिशेब तूच कर. काम दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच सुकतो, आणि जूननंतरचं तुला माहीत आहे.

आणि तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारणं बंद कर. साधा एन-९५ रंगाचे कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर घे. पहिल्या कमाईतली पहिली खरेदी तीच.

लाइव्ह पेंटिंगकडे येऊ. लाइव्ह म्हणजे लोकांसमोर भिंत रंगवणं, असं समजून गेलीस तर फसशील. तिथे रंगाइतकंच घड्याळही सांभाळायचं असतं. कीथ हेरिंग १९८०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या भुयारी स्टेशनांत जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर खडूने चित्रं काढायचा. गाडी येईपर्यंत जेवढा वेळ, तेवढ्यात चित्र. त्यामुळे एक रेष, भरणी नाही, लांबून कळणारा आकार. पोलिसांनी त्याला पकडलंही, पण फलाटावरच्या लोकांनी ती पाच वर्षं रोज फुकट बघितली. त्याच्यापासून घ्यायचं ते हे, की बघणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी घडताना दिसलं पाहिजे. तू तासभर नुसती पार्श्वभूमी भरत बसलीस तर लोक वडापावकडे जातात.

म्हणून पार्श्वभूमी घरून करून ने. आठ बाय चारचे प्लाय प्रायमर मारून, एक रंग चढवून ठेवायचे. जागेवर अक्षरं टाकायची. इथे आपल्या लिपीचा फायदा आहे आणि तो फार थोडे लोक घेतात. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवत. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा जो अभ्यास केला आहे तो नीट बघ. लाइव्हमध्ये मी तेच करतो. पूर्ण बोर्डभर एका दमात फॅट कॅपने (जाड रेघ मारणाऱ्या स्प्रेच्या टोपणाने) शिरोरेघ. गर्दी थांबते, कारण पुढे काय लटकणार हे कोणालाच माहीत नसतं. मग एकेक अक्षर. न्यूयॉर्कच्या पोरांना अक्षरं एकमेकांत गुंतवायला बाण आणि पट्ट्या शोधाव्या लागल्या, आपल्याला जोडणारा दांडा आयताच मिळालाय. त्याची किंमतही आहे. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार लागतात, त्यामुळे बोर्ड उंच हवा. "ठाणे" सुटसुटीत बसतं. "नवी मुंबई" लिहायला घेतलंस की वेलांटी, उकार, अनुस्वार आणि ईवरचा फराटा मिळून वरखाली जागा मागतात. सहा फुटी कंपाउंडवर ते कोंबलंस तर मधली अक्षरं मुंगीएवढी होतात. ब्लॅकबुकात दोन्ही नावं पंचवीस तऱ्हांनी लिहून बघ, कळेल मी काय म्हणतोय ते.

बंद हॉलमध्ये स्प्रे मारायचा नाही, आयोजक कितीही म्हणाला तरी. तिथे ॲक्रिलिक मार्कर आणि ब्रश. उघड्यावर असशील तर वारा बघ. उपवन तलावाकाठी किंवा पाम बीचच्या बाजूला दुपारनंतर वारा सुटतो आणि स्प्रेचा धुरळा तिथे लावलेल्या गाड्यांवर बसतो. पांढऱ्या गाडीवर निळे ठिपके आले की मालक तुझी कला बघत नाही. कार्यक्रमाआधी वाऱ्याच्या दिशेची पार्किंग रिकामी करून घ्यायची जबाबदारी करारात आयोजकावर टाक. कॅन उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचे नाहीत, पन्नास अंशांवर तापू न देण्याची सूचना डब्यावर उगाच छापलेली नसते. संध्याकाळी पिवळ्या हॅलोजनखाली निळा काळा दिसतो आणि पिवळा गायब होतो, म्हणून डब्यांवर आधीच मोठ्या अक्षरात रंगाचं नाव लिही.

भिंतही नको आणि बोर्डही नको असेल तर दोन झाडांमध्ये किंवा खांबांमध्ये पॅकिंगची ताणफिल्म गुंडाळून तिच्यावर रंगव. फ्रान्सच्या ग्राफिटीवाल्यांनी ही पद्धत काढली. कॉलेजच्या फेस्टला उत्तम, परवानगीची कटकट कमी, आणि पलीकडून लोकांचे चेहरे दिसत राहतात. नंतर ते प्लॅस्टिक स्वतः गोळा करून ने, आयोजकावर सोडू नकोस.

लोक बोलणारच. "हे काय लिहिलंय?", "आमच्या पोराला शिकवाल का?", "याचे किती मिळतात?" कॅन चालू असताना उत्तर देऊ नकोस. सोबत एक मैत्रीण ठेव, जी बोलेल, पाणी देईल आणि प्रमुख पाहुणे आले की तुझ्या खांद्याला हात लावेल. पाहुणे ठरल्या वेळी येत नाहीत. चित्र ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी "संपलेलं" दिसेल असं ठेव आणि एखादी शेवटची रेघ राखून ठेव, ती त्यांच्या हातून मारून घेता येते. मी याला तडजोड मानत नाही. तो कार्यक्रमच आहे.

पैशाचं बोलून टाकतो. लाइव्हमध्ये "एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य सर्वाधिक ऐकू येतं. मंडपवाला, साऊंडवाला, केटरर यांना एक्स्पोजर देतात का ते विचार. निम्मे पैसे आगाऊ घे, सामान आणि प्रवास वेगळा लाव. भिंतीच्या कामात डिझाइन, भिंतीची तयारी, रंग, परांची आणि मजुरी या पाच रकमा वेगवेगळ्या लिही. एकच चौरस फुटाचा दर दिलास की घासाघीस सुरू होते आणि कापला जातो तो नेहमी डिझाइनचा भाग. वस्तीच्या कामात वस्तीकडून पैसे घेऊ नकोस, पण कोणाकडून तरी घे. फुकट कामाला दुरुस्तीची तरतूद नसते.

प्रदर्शनाची घाई मला कळत नाही, पण करायचंच असेल तर हा इतिहास लक्षात ठेव. ह्यूगो मार्टिनेझ नावाच्या विद्यार्थ्याने १९७२ला न्यूयॉर्कच्या रेल्वे रंगवणाऱ्या पोरांची संघटना केली आणि १९७३ला रेझर गॅलरीत त्यांचे कॅनव्हास मांडले. तेव्हापासून एकच वाद चालू आहे, की डब्यावर धावणारं नाव कॅनव्हासवर आणल्यावर काय उरतं? माझं मत विचारशील तर पुष्कळदा फारसं उरत नाही. भिंतीचे फोटो कॅनव्हासवर छापून लावणं तर मी प्रदर्शन धरतच नाही. गॅलरीत ते दाखव जे भिंतीवर दिसत नाही. अक्षराचा एकेक टप्पा, वस्तीत मिळालेल्या हकिकतींच्या नोंदी, नाकारली गेलेली स्केचेस आणि ती का नाकारली गेली ते, खरवडलेल्या भिंतीतून निघालेले वीस थरांचे पापुद्रे. पापुद्र्याचा छेद घासून बघ, शाळेच्या भिंतीचा सगळा इतिहास रंगाच्या पट्ट्यांत दिसतो. लोक त्यासमोर कॅनव्हासपेक्षा जास्त वेळ उभे राहतात.

जागेच्या मागे फार धावू नकोस. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं जातात. ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचं कला भवन आहे, बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, शिवाय सुट्टीत रिकामे पडलेले शाळांचे हॉल आहेत. २०१७मध्ये ससून डॉकवर जे झालं ते आठवत असेल तर, मासळीच्या बंदरातल्या जुन्या गोदामांत कलाकारांनी कोळ्यांच्या जगण्यावर कामं केली, वास तोच, बाहेर कोलंबी सोलणाऱ्या बायका त्याच, आणि मुंबईभरातून माणसं रांगा लावून आली. तशी एखादी गाळ्यांची ओळ किंवा बंद वर्कशॉप वागळे इस्टेटमध्ये महिनाभर मिळालं तर पांढऱ्या भिंतींच्या गॅलरीपेक्षा मी ते आधी घेईन.

हक्कांचं एवढं लक्षात ठेव, की भिंत मालकाची असली तरी चित्राचा कॉपीराइट, लिहून दिला नसेल तर, सहसा तुझा असतो. जाहिरातीत वापरायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे, हे करारात लिही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ने कलाकाराला आणखी एक हक्क दिला आहे, कामाची मोडतोड करून बदनामी होत असेल तर दाद मागण्याचा. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं प्रचंड ब्राँझ म्युरल १९७९ला उतरवून गोदामात टाकलं गेलं, आणि २००५ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना अवशेष परत देऊन पाच लाखांची भरपाईही द्यायला लावली. किती वर्षं लागली ते बघ. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीवरच्या कामांना मालकाने २०१३मध्ये रातोरात पांढरा फासला, २०१८ला न्यायालयाने २१ कलाकारांना ६७ लाखांहून जास्त डॉलर द्यायला लावले. पण तो अमेरिकेचा वेगळा कायदा. आपल्याकडे सोसायटीने पाच वर्षांनी रंगकाम काढलं तर कोर्टात जाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा करारात ओळ टाक, की पुसण्याआधी महिनाभर कळवतील. मग जाऊन नीट फोटो काढता येतात.

पोर्टफोलिओचं सांगतो आणि थांबतो. तीन कप्पे करू नकोस. एकेक काम घे आणि प्रत्येकाचे तीन फोटो लाव. रंगवण्याआधीची भिंत, पूर्ण झाल्या दिवशीची, आणि एक पावसाळा गेल्यानंतरची. सोबत चार ओळी, भिंत कोणाची, विषय कोणी सुचवला, पैसे कोणी दिले, दुरुस्ती कोण करतं. मी मदतनीस निवडताना तिसरा फोटो आधी बघतो, आणि बहुतेकांकडे तो नसतोच. तुझ्या सोसायटीच्या दोन भिंतींवरून पावसाळा गेलेला आहे ना? मग या रविवारी सकाळी, तिरपं ऊन असताना जाऊन फोटो काढ. जिथे पापुद्रे सुटलेत, जिथे सायकल घासली आहे, तिथले जवळून काढ. मोजपट्टी शेजारी धरून.